शेवाळ येतं कुठून?

ब्ली नेंगाह गोंधळलेले आहेत, असं गेल्या वर्षीपर्यंत कोणी म्हटलं असतं तर मी त्याला हसले असते. माणूस हट्टी होता, तिखट होता, जेवताना नको तितका बोलायचा, पण गोंधळलेला कधीच नाही. उत्तर बालीच्या या किनाऱ्यावर पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याखाली जाऊन रंगीत मासे धरले. कुठल्या खडकाच्या कुठल्या फटीत कुठला मासा कुठल्या महिन्यात राहतो, हे त्यांना शेजारपाजारच्यांच्या पत्त्यांसारखं पाठ होतं.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्बोक म्हणतात आणि मोठ्या भावासारख्या माणसाला ब्ली, म्हणून माझ्यासाठी ती दोघं कायम म्बोक आणि ब्लीच. त्यांनी धरलेले मासे मी वीस वर्षं वखारीत बसून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले. पाणी, हवा, रबर, पुढची पिशवी. ते मासे विमानाने कुठल्या तरी थंड देशात जायचे आणि म्हणे लोकांच्या बैठकीच्या खोलीत, काचेतल्या समुद्रात राहायचे. तो काचेतला समुद्र ना ब्लींनी कधी पाहिला, ना मी.

मग एका बुडीत ब्लींचा डावा कान फुटला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पाण्यात फक्त गुडघ्यापर्यंत. तेव्हापासून ते घरात नुसते येरझारा घालायचे आणि म्बोकच्या प्रत्येक कामात खोट काढायचे. भाजी अशी का चिरलीस, केरसुणी तिथे का ठेवलीस. त्याच सुमारास वखार बंद झाली. मालकाने जाताना तिथली लांबलचक काचेची पेटी मला देऊन टाकली, आणि मी ती ब्लींना दिली. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे, हे मी आधीच कबूल करते.

पेटी पाहिल्यावर माणसाच्या अंगात वारं शिरलं. कारण त्यांची एक जुनी ठसठस होती. म्बोकने आयुष्यात एकदाही समुद्रात तोंड घातलं नव्हतं. ती समुद्राला भिते. आमच्यातल्या पुष्कळ बायका भितात, पण ती जरा जास्तच. घोटाभर पाण्यात उभी राहणार, नैवेद्य सोडणार, नजर लांब क्षितिजावर ठेवणार आणि पाठ न फिरवता मागे मागे येणार. पस्तीस वर्षं ब्लींनी ताटावर बसून तिला खालच्या गोष्टी सांगितल्या. अमका मासा असा पिवळा, तमकं पोवळं असं बोटांसारखं उघडतं. ती म्हणायची, "हं. भात वाढू?"

"एकदा बघशील तेव्हा कळेल," ते चिडून म्हणायचे. मुलगी झाल्यापासून ते तिला मेमे, म्हणजे आई, म्हणतात आणि ती त्यांना बापा. "मेमे, मी कुठे जात होतो ते तुला एकदा दाखवायचंय. बस, बाकी मला काही नको."

म्बोकने ओसरीवरचं तिचं टेबल दिलं. ज्या टेबलावर ती नैवेद्यासाठी माडाच्या झापांच्या पानांची ताटली विणते ते टेबल, म्हणजे तिने काय दिलं ते समजून घ्या. पण अट घातली. "गालुंगानच्या सणाला मला टेबल लागेल. तोवर तुमचं हे बघण्यासारखं झालं तर राहू दे. नाही झालं तर काच पुस्पीच्या घरी परत." पुस्पी म्हणजे मी.

मग कॅन भरभरून समुद्राचं पाणी आलं. वाळू आली. पोवळ्यांच्या बागेतून, म्हणजे जिथे सिमेंटचे दगड समुद्रात ठेवून त्यांवर पोवळी वाढवतात तिथून, चार दगड आणि बोटाएवढे सहा तुकडे आले. मासे आले तीन. वर निळा-पांढरा दिवा टांगला. आणि सगळं लावून झाल्यावर, शेजारीपाजारी जमलेले असताना, ब्ली छाती काढून म्हणाले, "हा समुद्रच आहे. पाणी समुद्राचं, वाळू समुद्राची, दगड समुद्राचा. सांगा बघू, यात वेगळं काय?"

म्बोक दाराशी उभी होती. तिने हात जोडले आणि आत गेली.

दोन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी धूळ बसली. ब्लींनी ती चमच्याने काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. मग धूळ गेली आणि दगडांना हिरवी लव फुटली, आधी बाळाच्या जावळासारखी, मग चांगली बोटभर लांब. पोवळ्याचे तुकडे त्या केसांत दिसेनासे झाले.

"समुद्रात असं होत नाही," ब्ली म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुढचे तीन महिने म्हटलं. कधी रागाने, कधी माझ्याकडे बघून, जणू मी वखारीतून शेवाळ लपवून आणलं होतं.

दिवा बसवून देणारा कादेक दर्साना फोन दुरुस्त करतो आणि झरझर बोलतो. तो आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाक नेंगाह," आमच्याकडे मोठ्या माणसाला पाक म्हणतात, "उजेड जास्त होतोय. नवी पेटी आहे. सहा तासांवर आणा. पांढरा कमी, निळा ठेवा."

"सूर्याला कोण सांगतं, बाबा, सहा तास म्हणून?"

"सूर्यावर बटण नाही. याच्यावर आहे."

सहा तास केले. शेवाळ तसंच. वर पोवळी फिकी पडायला लागली. बागेतली माणसं म्हणाली, उपाशी मारताय त्यांना, दहा तास द्या. दहा तास दिले, शेवाळ माजलं. पुन्हा सात केले. पश्चिमेकडून तिरपं ऊन येतं म्हणून ओसरीला चटई टांगली, मग त्या चटईला सगळ्यांची डोकी आपटायला लागली. ब्ली दिव्याचा उजेड कमी-जास्त करायच्या खुंटीवर बोट ठेवून डोळे मिटून बसायचे. आठ वाव खोलीवर उजेड कसा असतो, तांबडा रंग आधी कसा मरतो, हे आठवून आठवून ते खुंटी पिळायचे. डोळे उघडले की समोर हिरवा गालिचा.

मग त्यांनी ओहोटीला गुडघाभर पाण्यात जाऊन शंखातल्या गोगलगाई वेचून आणल्या. त्या शेवाळ खायच्या खऱ्या, पण काचेवरून घसरून उताण्या पडायच्या आणि तशाच राहायच्या. समुद्रात लाट त्यांना उलटवते. इथे ब्लींना हात घालून एकेकीला सुलटं करावं लागायचं. ज्या माणसाला बघून शार्क वळतात असं आम्ही अभिमानाने सांगायचो, तो सकाळी उठून गोगलगाई सुलट्या करत होता.

"आणि मासे खात नाहीत," ते एकदा मला म्हणाले. "चिमूटभर खाणं टाकतो, तेही हुंगून सोडून देतात. जेवून आल्यासारखे. मला काही कळत नाही, पुस्पी. खाली सगळं कळायचं."

हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मी चेष्टा केली नाही. मला खरंच वाईट वाटलं. कान गेला तेव्हाही हा माणूस असा दिसला नव्हता.

सणाला जेमतेम महिना उरला तेव्हा दर्सानाने शेवटचा उपाय सांगितला. तीन दिवस मिट्ट काळोख. दिवा बंद, पेटी कापडाने गुंडाळायची, फट ठेवायची नाही, फक्त हवेचा पंप चालू. पोवळी तग धरतील, शेवाळ मरेल. "आणि मुहूर्त तर घरबसल्या आलाय," तो म्हणाला. "परवा न्येपी."

न्येपीच्या दिवशी आमच्या बेटावर कोणी दिवा लावत नाही, चूल पेटवत नाही, रस्त्यावर येत नाही. गावचे राखणदार फिरून बघतात. निळा दिवा दारातून दिसला असता तर ब्लींना चांगलीच बोलणी बसली असती, तेव्हा काळोख करायचाच होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी जाड कापड शोधलं. घरात एकच होतं, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं, जे आम्ही देवाच्या झाडाला आणि वेशीवरच्या दगडी मूर्तींना नेसवतो. ब्लींनी ते दुहेरी करून पेटीभोवती आवळलं आणि वरून काथ्याने गाठी मारल्या.

मी म्हटलं, "ब्ली, हे कापड?"

"कापड ते कापड. काळोख पडल्याशी मतलब."

तीन दिवसांनी गाठी सोडल्या. आणि काय सांगू, पाणी असं निवळशंख की पेटीत पाणी आहे की नाही कळेना. शेवाळ पांढरं पडून गळत होतं. पोवळी थोडी पिवळी पडली होती, पण दुपारपर्यंत एकाने बोटं उघडली. ब्लींना हर्षवायू व्हायचा बाकी होता.

"मेमे! ये, ये लवकर, बघ!"

म्बोक आली. चार हात लांब उभी राहिली. पेटीकडे न बघता पेटीच्या पलीकडे कुठेतरी बघत तिने हात जोडले. "छान आहे," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

ब्ली उभेच्या उभे राहिले. मला वाटलं होतं आता ओरडतील. ते नुसते खुंटीशी खेळत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "तिला बघायचंच नाहीये का?" मी म्हटलं, कामात असेल.

पुढच्या आठवड्यात शेवाळ परत आलं, आणि येताना बहीण घेऊन आलं. हिरव्याच्या जोडीला वाळूवर लालसर बुळबुळीत साय धरायला लागली. उजेड तोच, तास तेच, गोगलगाई त्याच. पाण्याला वास यायला लागला. ब्लींनी दिवा सहा तासांवर आणला, मग चारवर, मग संतापून दोन दिवस बंदच केला. साय वाढतच गेली. दर्साना आला, डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, "पाक, माझं ज्ञान इथे संपलं." तो निदान खरं बोलला.

सणाला पाच दिवस उरले. रस्त्यात सणाचे वाकवलेले बांबू उभे राहायला लागले होते. म्बोकने झापांच्या पानांचे भारे आणून ओसरीवर टेबलाला टेकवून ठेवले. भारेच सगळं बोलत होते.

"पुस्पी, सकाळी ये," ब्ली म्हणाले. "पेटी उतरवू. मासे मी समुद्रात सोडून येतो."

सकाळी मी गेले. ब्ली रोजच्यासारखे पहाटे किनाऱ्यावर जाऊन आले होते. बुडी गेली तरी ती फेरी सुटली नव्हती. त्यांनी पंप बंद केला आणि पाणी गाळणाऱ्या डब्यातला स्पंज पहिल्यांदाच पूर्ण बाहेर ओढला. तोवर ते वरच्यावर धुवायचे. स्पंजाच्या मागे, डब्याच्या तळाशी, लगदा साचला होता. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि बोटाने पसरला.

फुगलेली भाताची शितं होती. खोबऱ्याचा कीस होता. झेंडूची एक पाकळी होती, रंग उडालेली.

"हे काय?" ब्ली म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मी नजर खाली घातली.

कारण मला माहीत होतं. म्हणजे, मी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. सकाळचा स्वयंपाक झाला की आमच्यातली प्रत्येक बाई केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात, मीठ, खोबरं ठेवून घरभर फिरते. चुलीला, दाराला, विहिरीला, अंगणाला. म्बोक त्या फेरीत पेटीपाशी थांबायची, झाकणाचा कोपरा उचलायची, तोंड बाजूला वळवायची आणि चिमूट आत सोडायची. ब्ली त्या वेळी किनाऱ्यावर असायचे आणि दिवा नऊला लागायचा. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की पाहिलंच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, दाढ काढायला म्बोक सिंगाराजा शहरात गेली होती तेव्हा दोन दिवस ती चिमूट मी सोडली होती. हिरव्या गालिच्याकडे बघत, अरेरे म्हणत, भात आत टाकला होता.

न्येपीला चूल पेटली नाही. पुढचे दोन दिवस पेटी बांधलेली होती, म्हणून भात कापडावर ठेवला गेला. आणि कापड सुटल्यावर चिमटीची मूठ झाली, कारण ज्याला चौकड्यांचं कापड नेसवलं त्याला जास्त द्यावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सगळं एकदम दिसलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्बोक हातात पानं घेऊन ओसरीवर आली. फेरी चालू होती.

"मेमे," ब्ली हळू आवाजात म्हणाले, "तू यात भात टाकतेस?"

"रोज." केर काढतेस का विचारल्यासारखं तिने उत्तर दिलं. "का?"

"का म्हणून मीच विचारतोय!"

"अहो बापा, असं काय विचारता? समुद्राला द्यायला नको? पस्तीस वर्षं दिलं. एक दिवस तापाने पडले, गेले नाही, त्याच दिवशी तुमचा कान गेला. आता तुम्ही समुद्र उचलून घरात आणलात, माझ्या टेबलावर ठेवलात, रोज कोपरापर्यंत हात घालता त्यात. मी न देऊन कसं चालेल? तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, हा समुद्रच आहे."

ब्लींच्या तळहातावरून लगदा ओघळत होता. मी वाट बघत होते. तीन महिन्यांचा राग होता तो. सहा तास, दहा तास, चटई, गोगलगाई. ते सांगू शकले असते की भात कुजतो, कुजलेल्यावर शेवाळ पोसतं, दिव्याचा बिचाऱ्याचा दोषच नव्हता. नको टाकूस एवढं म्हणाले असते तरी तिने ऐकलं असतं. ऐकलं असतं आणि मग रोज सकाळी ते हात पाण्यात घालताना जीव मुठीत धरून बसली असती. हे मला कळलं आणि त्यांना माझ्याआधी कळलं.

ते पानांच्या भाऱ्यावर खाली बसले.

"हा समुद्र नाही, मेमे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बढाई मारली मी. काचेचं भांडं आहे हे. पाणी भरलंय, वरून दिवा लावलाय. तासांवर चालणारा दिवा. याला काही द्यावं लागत नाही."

ज्या माणसाने तिला समुद्र दाखवायचा म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला रडू आलं. मी पानं नीट करायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"खरं?" म्बोक म्हणाली.

"खरं."

"समुद्र तिकडेच आहे ना? बाहेर?"

"तिकडेच."

"मग भात मी तिकडे देते."

"दे."

तिने हातातली पानं कट्ट्यावर ठेवली, हात नेसूच्या कापडाला पुसले, स्टूल ओढलं. "भांडंच असेल तर भ्यायचं कशाला," असं स्वतःशीच म्हणत ती बसली आणि तिने नाक काचेला लावलं.

ब्लींनी धडपडत उठून दिवा लावला.

ती बघत राहिली. तिच्या श्वासाने काच धुरकटली, ती पुसून पुन्हा बघत राहिली. पंप बंद होता तरी माशांच्या फिरण्याने आतलं सगळं हलत होतं. एका पोवळ्याने लालसर सायीतूनच चार बोटं बाहेर काढली. "अगंबाई," म्बोक म्हणाली. मग तिने काचेवर बोट टेकवलं. "हे हिरवं किती छान आहे. भाताचं खाचर डोलतं तसं डोलतंय. हे काढू नका हं."

ब्लींनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ दाताखाली धरले.

"नाही काढत," ते म्हणाले.

"बापा, तुम्ही खाली असायचात तेव्हा वर मी दिसायचे का?"

"नाही. वर नुसता उजेड दिसतो. पांढरा."

"हं."

"पण भात दिसायचा," ब्ली म्हणाले. "तू सोडलेला. ओहोटीच्या ओढीने वाहत एकेक शीत हळूहळू खाली यायचं आणि सगळे मासे एकदम वर वळायचे. मग मला कळायचं, मेमे आली."

"आणि मग?"

"मग मी आणखी थोडा खाली जायचो. बिनधास्त."

म्बोकने काचेवरून तोंड काढलं नाही. "वेडे आहात," ती म्हणाली, आणि पुन्हा काच पुसली.

त्या वर्षी गालुंगानची सगळी पानं आम्ही तिघांनी ओसरीच्या फरशीवर बसून विणली.